तिसऱ्या दिवशीची कावीळ

कुंदन भोये सुट्टीत नाशिकला घरी आला की तिसऱ्या दिवशी त्याचे डोळे पिवळे होत. पुण्याच्या वसतिगृहात ते एकदाही पिवळे झाले नाहीत.

हे प्रथम घडले ते त्याच्या अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या दिवाळीत. सकाळी तो आरशासमोर उभा राहून खालची पापणी ओढून पाहत होता.

"आई, हा दिवा पिवळा आहे की मी?"

यशोदेने चकलीचा सोऱ्या खाली ठेवला आणि त्याची हनुवटी धरून त्याला उजेडात वळवले. "तूच रे. हळद लागल्यासारखा. पुण्यात परस्पर लग्नबिग्न ठरवलंस की काय?"

हसण्यावारी गेलेली गोष्ट दुपारी गंभीर झाली. लघवीला कोऱ्या चहाचा रंग आला, जिना चढताना त्याला धाप लागली. गल्लीतल्या डॉक्टरांनी डोळे पाहून कावीळ म्हटले, तेलकट बंद केले, उसाचा रस सांगितला. हाताशी आलेली दिवाळी कुंदनने वरण-भातावर काढली. आठ दिवसांनी तो पुण्याला गेला आणि तिथे, मेसचे तर्रीदार जेवण जेवत, ठणठणीत बरा झाला.

त्याचे वडील नवनाथ भोये म्हसरूळहून रोज स्कूटरवर शहरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जात आणि अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवीत. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एक शिस्त पाळली होती. पदार्थाचा द्रवणांक तीनदा काढल्याशिवाय ते कोणाच्याही वहीवर सही करीत नसत. एकदा आलेला आकडा म्हणजे अफवा, असे ते वर्गात म्हणत. त्यामुळे पहिल्या काविळीचे त्यांनी काही मनावर घेतले नाही.

दुसऱ्यांदा ती संक्रांतीला आली. कुंदन बुधवारी संध्याकाळी पोचला, शनिवारी सकाळी त्याचे डोळे पिवळे होते. यशोदेचा निष्कर्ष तयारच होता.

"दृष्ट आहे. शिकायला गेलेलं एकुलतं एक पोर, लोकांच्या डोळ्यांत येतं. वणीच्या आईला नारळ बोलते मी."

"देवीला यकृताचं काय कळतं?"

"तुम्हाला तरी काय कळतं? तुम्ही बाटलीतले सर."

नवनाथरावांना आपल्याला कळते असे वाटत होते. तारखा टिपून ठेवलेल्या आपल्या वहीत त्यांनी मांडणी केली. कावीळ हा यकृताचा आजार, यकृताचा ठरलेला शत्रू दारू. पोरे सुट्टीवर निघण्याआधी पार्टी करतात आणि तिचा परिणाम दिसायला तीन दिवस लागत असावेत. वसतिगृहात डोळे पिवळे होतही असतील, पण सांगतो कोण? या मांडणीत सर्व काही बसत होते. एखाद्या विद्यार्थ्याने तपासताच येणार नाही असे गृहीतक लिहून आणले असते, तर त्यांनी त्याचे दोन गुण कापले असते. स्वतःचे कापायचे त्यांना सुचले नाही.

कुंदन झोपलेला असताना त्यांनी त्याची बॅग उघडली. कपडे, चार्जर, एक फाटलेले विमानाचे रेखाचित्र, बिस्किटांचा पुडा. त्यांनी पाण्याच्या बाटलीचे झाकण काढून वास घेतला, तिच्यात पाणीच होते. सगळे त्यांनी पुन्हा नीट, म्हणजे कुंदनने ठेवले होते त्याहून जास्त नीट, रचून ठेवले. तीच त्यांची चूक झाली.

"पप्पा," दुपारी तो शांतपणे म्हणाला, "माझ्या बॅगेत काय सापडलं?"

"काही नाही."

"मग तसं लिहून ठेवा वहीत. निरीक्षण, काही नाही."

"तू पितोस का, एवढंच सांग."

"सांगितलं तर मानाल?"

त्यानंतर बाप-लेकांचे बोलणे यशोदेमार्फत होऊ लागले. 'पप्पांना विचार' आणि 'त्याला सांग' या दोन वाक्यांवर घर चालू लागले. आजारी मुलगा नवव्या दिवशी परत गेला आणि चौदाव्या दिवशी त्याने आईला मैदानावर फुटबॉल खेळतानाचा फोटो पाठवला.

मे महिन्यात कुंदन तब्बल एकोणीस दिवस घरी होता. या एकोणीस दिवसांत काहीच घडले नाही. तो आंबे खाई, दुपारभर मोबाइलवर लोळे, उकाड्याने जीव नको झाला की गच्चीवर चटई टाकून उघड्यावर झोपे. तिसरा दिवस आला, दहावा आला, डोळे पांढरे स्वच्छ राहिले. यशोदेने एप्रिलमध्येच वणीला जाऊन नारळ फोडला होता, तेव्हा गुण कोणाचा याविषयी तिला शंका नव्हती. जानेवारीत आपण कडक बोललो, त्याचा उपयोग झाला, याविषयी नवनाथरावांनाही शंका नव्हती. दोघांनी एकमेकांच्या उपायाची यथेच्छ टिंगल केली. मे महिना जानेवारीहून आणखी कशात वेगळा होता, हा प्रश्न मात्र दोघांपैकी कोणीही विचारला नाही.

मग दुसऱ्या वर्षाची दिवाळी आली.

कुंदन आला त्या संध्याकाळी हवेत चांगलाच गारवा होता. यशोदेने पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली आणि तिच्यातून त्याची गोधडी काढली. ती तिच्या आईने, सुरगाण्याच्या कुसाबाईने, जुन्या लुगड्यांची शिवली होती. शाळेत असताना ती बारा महिने कुंदनच्याच अंगावर असे. तो पुण्याला गेल्या दिवसापासून यशोदेने ती घडी घालून पेटीत ठेवली होती आणि तो आल्याशिवाय ती कोणाला काढू देत नसे.

"तुझ्यावाचून कुणाला दिली नाही हो. पाहुणे आले तरी चादरच दिली."

"पप्पांनाही नाही?"

"त्यांना कशाला? थंडीत पंखा तीनवर लावणारा माणूस तो."

कुंदन हसला. डोके आत घेऊन झोपायची त्याची लहानपणापासूनची सवय होती. तशी त्याने गोधडी डोक्यावरून ओढली आणि आतून म्हणाला, "घरचा वास येतो, आई." यशोदेला भरून आले. बाहेरच्या खोलीत पेपर तपासत बसलेल्या नवनाथरावांनाही ते ऐकून जरा बरे वाटले. यंदा आपण काही विचारायचे नाही, असे त्यांनी ठरवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात बादली पडल्याचा आवाज झाला. नवनाथरावांनी दार ढकलले तेव्हा कुंदन भिंतीला टेकून खाली बसलेला होता. ओठ कागदासारखे पांढरे, डोळे हळदीसारखे पिवळे. मोरीत सांडलेली लघवी काळी होती. तपकिरी नव्हे, काळी. नवनाथरावांनी आयुष्यभर द्रावणांचे रंग वाचले होते. हा रंग त्यांना वाचता आला नाही. शेजाऱ्याची रिक्षा बोलावून त्यांनी मुलाला रुग्णालयात नेले, तेव्हा त्यांच्या पायांत चपला नव्हत्या, हे त्यांच्या तिथल्या फरशीवर लक्षात आले.

दुपारपर्यंत रक्ताचा अहवाल आला. चौदा असायला हवे ते हिमोग्लोबिन साडेपाच होते. रक्ताची पहिली पिशवी लागली. वॉर्डातली डॉक्टर तरुण होती, केसांत खोवलेला पेन काढून ती प्रत्येक उत्तर लिहून घेत होती.

"काही औषधं चालू आहेत? गोळ्या, काढा, झाडपाला?"

"काही नाही," यशोदा म्हणाली.

"तो पितो," नवनाथराव म्हणाले.

ते हळू बोलले होते, तरी खाट तीन फुटांवर होती. कुंदनने डोळे उघडले.

"डिसेंबरच्या सुट्टीत मी घरी येणार नाही, पप्पा," तो म्हणाला. आवाजाला जोर नव्हता, म्हणून ते अधिकच ठाम वाटले. "तिथे मी आजारी पडत नाही. आणि पडलो तरी तिथे कोणी मला पकडायला बसलेलं नसतं."

यशोदेने नवऱ्याकडे पाहिले. आजवर तिने त्यांना रागाने, चेष्टेने, कंटाळ्याने पाहिले होते. अनोळखी माणसाकडे पाहावे तसे त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिले.

डॉक्टरने अहवाल त्यांच्यासमोर धरला. "सर, दारूनं हे होत नाही. यकृत चांगलं आहे याचं, तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं असेल. तांबड्या पेशी रक्तातच फुटताहेत. त्यांचा रंग डोळ्यांत आणि लघवीत उतरतो. याआधी कधी झालं होतं?"

नवनाथरावांनी तारखा सांगितल्या. त्या त्यांना पाठ होत्या. सांगता सांगता त्यांचा स्वर बसत गेला, कारण त्या ओळीने ऐकताना त्यांना प्रथमच कळले की आपण निरीक्षणे अचूक टिपली होती आणि दोन्ही वेळा रक्त तपासून घेतले नव्हते. कावीळ हा शब्द मिळाला तिथेच ते थांबले होते.

"म्हणजे पुण्यात कधीच नाही, घरी तीनदा," डॉक्टर म्हणाली. "घरात असं काय आहे, जे वसतिगृहात नाही?"

घरात आपण आहोत, एवढेच नवनाथरावांना सुचले.

चारच्या सुमारास यशोदेचा भाऊ मंगळू आला. सुरगाण्याहून जीपने आणि पुढे एसटीने, हातात फडक्यात बांधलेल्या नागलीच्या भाकरी. तो भाच्याच्या उशाशी उभा राहिला, त्याने खाटेला अडकवलेली लघवीची पिशवी पाहिली आणि हात मागे घेतला.

"दाजी, मला झालं व्हतं ते हेच हाय."

"मंगळू, आता नको ते," नवनाथराव म्हणाले.

"नको काय? असंच काळं. मानसं म्हनली करनी केली. भगताकडं नेलं मला. तुम्हीच हसला व्हता."

ते खरे होते. अकरा वर्षांपूर्वीची ती गोष्ट नवनाथराव दर वर्षी वर्गात सांगत. माझ्या मेव्हण्याची लघवी काळी झाली तेव्हा गावाने करणी शोधली, असे ते म्हणत आणि मुले हसत. करणी खोटी होती, तशी लघवीही खोटी असणार, असे त्यांनी केव्हा धरून टाकले ते त्यांचे त्यांनाही सांगता आले नसते.

डॉक्टरचा पेन मात्र थांबला होता. "मामा, त्या आधी काय घेतलं होतं तुम्ही?"

"हिवताप झाला व्हता. सरकारी गोळ्या दिल्या, चौदा दिवसांच्या. चार दिवस खाल्ल्या न् काळं चालू झालं. भगत म्हनला गोळ्या फेक. फेकल्या, तं बरा झालो."

"भगतानं तेवढं बरोबर सांगितलं," डॉक्टर म्हणाली.

मग तिने समजावून सांगितले. तांबड्या पेशींना सांभाळणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, असते, काही माणसांत ते जन्मतः अपुरे असते. ही कमतरता आईकडून मुलाकडे येते, म्हणून मामा आणि भाचा. एरवी त्याचा काही त्रास नसतो, माणूस शंभर वर्षे जगतो. पण काही ठरावीक पदार्थ अंगात गेले की पेशी फुटू लागतात. मामाच्या बाबतीत ती गोळी होती. "याच्या बाबतीत काय, ते शोधायला हवं. नाही सापडलं तर पुढच्या वेळी साडेपाचावर थांबेलच असं नाही. मी यादी काढून देते, घर तपासा."

ती यादी करायला गेली. वॉर्डात गारठा होता, कुंदनला हुडहुडी भरली होती. रुग्णालयाची चादर पातळ.

"घरी जाऊन त्याची गोधडी आणा," यशोदा म्हणाली. दिवसभरात नवऱ्याशी तिचे हे पहिलेच वाक्य होते. "तेवढं तरी करा."

नवनाथरावांनी ते केले. गोधडी पलंगावर तशीच पडली होती. तिची घडी घालून त्यांनी ती मोठ्या पिशवीत भरली, वरून पिशवीचे बंद बांधले आणि ती छातीशी धरून रिक्षात बसले. मुलासाठी आपल्याला अजून एक काम सांगितले जाते आहे, याचे त्यांना समाधान वाटत होते.

वॉर्डाच्या दारात डॉक्टर यादी घेऊन उभी होती, शेजारी मंगळू. नवनाथराव दोन पावलांवर आले तसा तिने हात आडवा धरला.

"थांबा. ही पिशवी आत नेऊ नका. कसला वास हा?"

"वास?"

"तुम्हाला येत नाही?"

नवनाथरावांनी पिशवी नाकाशी नेली, दीर्घ श्वास घेतला. त्यांना लुगड्याच्या सुताचा थोडा वास आला, बाकी काही नाही.

"दाजी," मंगळू नाक मुरडून म्हणाला, "यष्टीच्या स्टँडवरच्या मुतारीत येतो ना, तसा वास मारतीये. गोळ्यांचा. लय उग्र."

डॉक्टरने यादी पुढे केली. सहा औषधांची नावे होती. सातव्या ओळीत लिहिले होते : नॅफ्थलीन, म्हणजे डांबराच्या गोळ्या. कपडे, पांघरूण.

नवनाथराव दारातल्या बाकावर बसले. पिशवी त्यांनी आधी दूर, जिन्यापाशी ठेवली आणि मग बसले.

कुंदन पुण्याला गेला त्याच आठवड्यात यशोदा म्हणाली होती, पेटीत ठेवते खरी, पण कसर लागेल हो आईच्या गोधडीला. आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी महाविद्यालयातून गोळ्या आणल्या होत्या. संप्लवनाच्या प्रात्यक्षिकासाठी आणलेल्या डब्यात उरलेल्या, आठ. स्वतःच्या हाताने, घडीच्या प्रत्येक थरात एक एक. संपल्या की पुन्हा आठ. बावीस वर्षे ते जुलै महिन्यात अकरावीच्या वर्गासमोर ती गोळी तापवून दाखवत आले होते. गोळी न वितळताच हवेत जाते, न तापवताही जाते, फक्त हळू, म्हणून पेटीतली गोळी लहान होत जाते. मग ती जाते कुठे, असे ते विचारत. हवेत, सर, असे मुले एका सुरात सांगत, आणि ते पुढच्या प्रयोगाकडे वळत. त्या बावीस जुलैंनी त्यांच्या नाकातून तो वास पुसून टाकला होता. कुंदन ज्याला घरचा वास म्हणाला, तो घरात एकट्या त्यांनाच येत नव्हता.

आता, रक्त चढत असलेल्या मुलाच्या अंगावर पांघरायला, त्यांनी तोच वास छातीशी धरून आणला होता.

"मे महिन्यात पेटी उघडली नव्हती," ते कोणालाही उद्देशून नाही असे बोलले. "उकाडा होता. तो चटईवर झोपत होता."

ते आत गेले. यशोदेने रिकामे हात पाहिले. "गोधडी?"

त्यांनी दोघांनाही सांगितले, जेवढे कळले तेवढे, क्रमाने. यशोदेने तोंडावर पदर धरला. "माझ्या आईची गोधडी," ती म्हणाली. "मीच घालत होते रे त्याच्या अंगावर. दर वेळी मीच."

"गोधडीनं काही केलं नाही, यशोदा. गोळ्यांनी केलं. त्या मी आणल्या, मी ठेवल्या. तू फक्त पांघरूण घातलंस." ते कुंदनकडे वळले. "तुझ्या बॅगेत काही नव्हतं. मी ते तेव्हाच मानायला हवं होतं."

कुंदनने वडिलांकडे मान वळवली.

"लिहिलं का वहीत?"

"नाही."

"लिहा. डिसेंबरात मी येतो. पांघरूण माझं मी आणीन." मग डोळे मिटून तो म्हणाला, "आणि तुमचं नाक डॉक्टरांना दाखवा एकदा."

मंगळू आधी हसला. हसावे की नाही हे न कळून यशोदेने त्याच्या दंडावर चापट मारली.

तो डिसेंबरच्या शेवटी आला, वसतिगृहाचे करडे ब्लँकेट घेऊन. पेटी सोड्याने तीनदा धुऊन उन्हात उपडी घातलेली होती. गोधडी महिनाभर गच्चीच्या दोरीवर होती आणि तरी ती घरात आणायची नाही, असे ठरले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी नवनाथरावांनी त्याला खिडकीशी बसवून पापणी ओढून पाहिली. चौथ्या दिवशी पाहिली, दहाव्याही दिवशी पाहिली. कुंदनने प्रत्येक वेळी निमूटपणे मान वर केली. डोळे पांढरे होते. जानेवारीत, तब्येत सावरल्यावर केलेल्या विकराच्या चाचणीचा अहवाल आला; प्रमाण अपुरे होते, डॉक्टर म्हणाली होती तसे.

त्या रविवारी नवनाथरावांनी वही उघडली आणि शाईने लिहिले :

'कुंदनला जन्मतः तांबड्या पेशींतील विकराची कमतरता आहे. ती त्याला आईच्या घराण्यातून आली. वसतिगृहात गेल्यापासून त्याची गोधडी घरी नॅफ्थलीनच्या गोळ्यांसह पेटीत बंद राहत असे. थंडीच्या सुट्टीत तो ती डोक्यावरून घेऊन झोपे, आणि त्या वाफेने तिसऱ्या दिवसापर्यंत त्याच्या पेशी फुटत. उन्हाळ्यात गोधडी बाहेर निघत नसे, म्हणून मे महिन्यात काही झाले नाही. तो दारू पीत नव्हता. गोळ्या मी ठेवल्या होत्या.'